माळवद उतरले, ओटा आला

मैत्रिणींनो, तलवाड्याला तुम्ही आलातच, तर बहुधा देवीच्या निमित्ताने याल. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले हे आमचे गाव त्वरिता देवीमुळे लोकांना माहीत. टेकडीवर देवीचे मंदिर आहे. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी मात्र वर गेले की वारा तेवढा सोबतीला. खाली नजर टाकावी तर काळी जमीन पसरलेली, त्यात कापूस, तूर, बाजरी. आणि पाणी असेल तिथे ऊस. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी. तिच्याच काठी राक्षसभुवन, जिथे १७६३ साली मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. पुढे १९७६ साली पैठणचे धरण पुरे झाले नि जायकवाडीचा उजवा कालवा या तालुक्यातून वाहू लागला. पण कालवा तालुक्यात आहे म्हणून माठात पाणी आहे, असे उन्हाळ्यात कुणी समजू नये!

पण आज मी तुम्हाला देवळात नाही, घरात नेणार आहे. आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. जाड दगडी भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या-काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा चांगला जाड थर. भर वैशाखात बाहेर डोळे दिपत असले तरी आत गारवा. स्वयंपाकघराच्या माळवदाला एक साणे ठेवलेले असते. उजेड त्यातूनच खाली येतो नि धूरही त्यातूनच वर जातो. जातो म्हणायचे आपले! निम्मा धूर आत रेंगाळतो, तुळया काळ्या करतो नि बाईच्या डोळ्यांत उतरतो.

माळवदाचे आणखी एक भय मराठवाड्याच्या मनात बसले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला नि हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळले. तेव्हापासून माळवदातून माती गळू लागली की घरातली वडीलधारी माणसे वर बघतात नि गप्प होतात. आमच्या स्वयंपाकघराची एक तूळ वाळवीने पोखरली, तेव्हा घरात चर्चा फारशी झालीच नाही. माळवद उतरवायचे, स्लॅब टाकायचा, ओटा घालायचा, असे ठरले.

मुहूर्त कोणता धरावा?

शहरातल्या बायका दिवाळीआधी काम काढतात. आमच्याकडे ते जमत नाही. पावसाळ्यात छत उघडे टाकता येत नाही. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात. मग गवंड्याच्या हाताखाली माणूस मिळणे कठीण. ती परततात पाडव्याच्या आसपास. म्हणजे पाडवा ते मृग एवढेच दिवस आपले. आणि नेमके तेव्हाच पाणी कमी, नि शेवया-कुरडया-पापडांची घाईही तेव्हाच! देवीचे नाव त्वरिता असले, तरी तिच्या गावातले गवंडी काही त्वरित येत नाहीत, बरं का. कुणाकडे लग्न, कुणाकडे जत्रा. महिन्याचे काम दोन महिने चालणार, हे मनाशी धरूनच सुरुवात करावी.

सिमेंटच्या कामाला पाणी फार लागते. नव्या प्लास्टरवर निदान सात दिवस पाणी मारावेच लागते; नाहीतर उन्हाने तडे जातात. आम्ही भिंतीवर नि स्लॅबवर गोणपाटे ओली करून पसरली. ओल धरून राहते, पाणी कमी लागते. पहाटे नळ आला की आधी पिण्याचे भरायचे नि मग गवंड्याचे पिंप. हा क्रम चुकवू नका.

ओसरीवरचा संसार

काम चालू असताना राहायचे घरातच. आम्ही ओसरीच्या एका कोपऱ्यात स्वयंपाक मांडला. गॅस जमिनीवर ठेवण्याचा मोह होतो, पण शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी आणि सिलिंडर उभाच हवा. म्हणून जुने लाकडी टेबल आणून त्यावर शेगडी ठेवली. वारा लागून ज्योत विझू नये म्हणून मागे पत्र्याचा आडोसा केला, पण दोन बाजू मोकळ्या ठेवल्या. स्वयंपाकघराच्या दाराला जुने लुगडे ओले करून टांगले. पांढरी माती इतकी बारीक, की ती झाकणाच्या फटीतूनही पिठात शिरते. महिन्याभराचे पीठ, डाळी घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून डबे दुसऱ्या खोलीत हलवावेत नि रोजच्यापुरते तेवढे बाहेर काढावे.

या दिवसांत मराठवाड्यातल्या बाईला येसरासारखा आधार नाही. भाजलेल्या धान्याचे नि मसाल्याचे हे पीठ आधी करून ठेवले, की फोडणीच्या पाण्यात कालवून उकळले म्हणजे आमटी तयार. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा यांवर एक वेळ सहज निघते. पातेली कमी नि माणसे तेवढीच, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

ओटा कुणाच्या उंचीचा?

खरा प्रश्न उभा राहिला तो ओट्यापाशी. गवंडी आपल्या अंदाजाने उंची धरतो. आमच्या ह्यांनी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग उभा ओटा काढायला सांगितला. वर कडप्पा, खाली शहाबादी फरशी. सगळ्यांना पसंत पडले. सासूबाई मात्र तीन दिवस काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "अगं माय, चाळीस वरसं बसून सैपाक केला. आता उभ्यानं भाकरी थापू व्हय? असं करा, मला ओसरीवरच राहू द्या."

बोलणे साधेच होते. पण मला ते लागले. ज्या घरात पन्नास माणसांच्या पंगती त्यांनी उठवल्या, तिथे त्यांना हात टेकायला जागा उरणार नव्हती. म्हणायला स्वयंपाकघर नवे, पण त्यात घरची मोठी बाईच पाहुणी!

वर्गात मुलींना मी एक गोष्ट सांगत असते. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे शुट-लिहोत्स्की या स्त्री-वास्तुरचनाकाराने कामगारांच्या घरांसाठी छोटे स्वयंपाकघर आखले. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात कमी जागेत कसा स्वयंपाक चालतो, हे पाहून तिने बाईची पावले वाचवली. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आजचा आपला उभा ओटाही त्याच विचाराचा. पण त्यात एकटीने, उभ्याने काम करणारी बाई धरलेली होती. पाटावर बसलेली सासू त्या आराखड्यात नव्हती.

मी ह्यांना म्हटले, "ओटा दोन हात कमी करा. खिडकीखाली आत्यांसाठी बसका कट्टा हवा." ह्यांना पटायला दोन दिवस लागले, कपाट लहान होत होते ना! शेवटी कट्टा झाला. जमिनीपासून वीतभर उंच, वर गुळगुळीत कडप्पा. तिथे बसून निवडणे, चिरणे, ताक घुसळणे, भाकरी थापणे. चूल मोडली नाही, हलवली. परसात चार खांबांवर पत्रा टाकला, बाजू उघड्या ठेवल्या. धूर वाऱ्यावर जातो. जुन्या चुलीची जागा उकरण्याआधी सासूबाईंनी हळदकुंकू वाहिले आणि तिथली राख परसातल्या कढीपत्त्याला घातली.

उज्ज्वला योजना २०१६ साली आल्यापासून खेड्यांतही कितीतरी घरी सिलिंडर पोचले. तरी भाकरीसाठी चूल पेटतेच. पेटो बापडी; पण चार भिंतींच्या आत नको. जुन्या मोतीबिंदूचे नि छातीच्या दम्याचे बोट या धुराकडे जाते, हे डॉक्टरही सांगतात.

तुमच्याकडे काम निघायचे असेल, तर गवंडी येण्याआधी ओट्याच्या जागी सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाका नि कोपराच्या चार बोटे खाली भिंतीवर कोळशाने रेघ ओढा. तीच तुमची उंची. आणि घरात बसून काम करणारी कुणी असेल, तर तिलाही तिथे नेऊन बसवा नि तिचीही रेघ ओढून घ्या. पुढल्या नवरात्रात त्वरितेच्या दर्शनाला याल, तेव्हा खाली गावातही उतरा. कट्ट्यावर सासूबाई असतीलच. भाकरी गरम मिळेल.