सुटता सुटेना

ब्रेक लागत नाहीत, ही तक्रार समजण्यासारखी आहे. पण एकदा लागले की सुटतच नाहीत, ही तऱ्हा मुक्कामाला आलेल्या पाहुण्याची! आमच्या जुन्या फियाटला लायनर, व्हील सिलिंडर सगळं नवं घातलं आणि नृसिंहवाडीला पोचेपर्यंत पुढचं उजवं चाक इतकं तापलं, की त्यावर बासुंदी आटवावी.

वाडीत सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणाले, "लायनर नवे आहेत, घासून बसतील." दुसरे म्हणाले, "मास्टर सिलिंडर बदला." सौ. म्हणाली, "गाडीच बदला."

कुरुंदवाडच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मात्र काहीच बदललं नाही. चाक जॅकवर घेतलं, ब्रेक दाबायला लावून सोडायला लावला. चाक घट्ट! मग निपल जरासा सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक गरकन फिरलं.

"शू अडकला असता तर असं सुटलं नसतं. तेल कोंडलंय बघा. मास्टरचा दोष असता तर सगळीच चाकं धरली असती. हा रबरी पाइप आतून फुगलाय. पायाच्या जोरानं तेल जातं, परतायला वाट नाही. दक्षिणद्वाराला कृष्णामाई पादुकांवरनं येती, तशी दारानं जाती पण. तेल उकळलं असतं, तर पाय तळाला टेकला असता!"

आमचं हसू मावळलं.

नवा पाइप बसला. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. पेढ्यांचा पुडा मात्र जो धरला, तो काही सोडला नाही.