घडून राहिलेली क्रिया

प्राचीन ग्रीकमधले परफेक्ट हे क्रियारूप वरवर भूतकाळाचे वाटते, पण त्याची नजर वर्तमानावर असते. क्रिया पूर्वीच उरकली. तिच्यातून आलेली स्थिती मात्र अजून टिकून आहे, एवढे ते सांगते. ‘अपेथाने’ हे ॲओरिस्ट रूप ‘तो वारला’ ही घटना नोंदवते. ‘तेथ्नेके’ हे परफेक्ट म्हणजे तो हयात नाही. मराठीत ‘तो बसला’ आणि ‘तो बसला आहे’ यांतला फरक जवळपास हाच. आर्किमिडीजच्या तोंडी घातले जाणारे ‘हेउरेका’, म्हणजे आपले युरेका, हेही परफेक्टच.

रूप साधताना आद्य व्यंजन ‘ए’ लावून दुप्पट होते: ‘लूओ’ (सोडतो), ‘लेलुका’. संस्कृत वैयाकरण या द्विरुक्त अंशाला अभ्यास म्हणतात आणि लिट् लकारात, म्हणजे संस्कृतच्या परफेक्टमध्ये, तो ठळक दिसतो. ‘फुओ’चे परफेक्ट ‘पेफूका’, फेफूका नव्हे. ‘भू’चे लिट् ‘बभूव’, भभूव नव्हे. धातू मुळात एकच. लागोपाठ दोन महाप्राण आले की पहिला अल्पप्राण होतो, हा नियम हेर्मान ग्रासमान यांनी 1863 मध्ये मांडला. पेशाने ते गणिताचे शिक्षक. दोन्ही भाषांना ही खोड स्वतंत्रपणे लागली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. शेवटचा ‘क’ नंतरचा: होमरमध्ये तो मोजक्याच धातूंना लागतो.

सर्वांत बोलके रूप ‘ओइदा’. मूळ धातू पाहण्याचा, अर्थ मात्र ‘मला ठाऊक आहे’. पाहून झाले, ज्ञान उरले. त्याचे संस्कृत भावंड ‘वेद’. दोन्हींत अभ्यास नाही, दोन्हींचा अर्थ वर्तमानाचा. परफेक्टचा मूळ अर्थ स्थितीचा होता, याला याहून चांगला पुरावा शोधायला नको. ‘हिस्तेमि’ म्हणजे उभा करतो, तर ‘हेस्तेका’ म्हणजे उभा आहे. सकर्मक धातू इथे चक्क अकर्मक होतो.

पुढे वाटा फुटल्या. पाणिनीने लिट् वक्त्याने न पाहिलेल्या भूतकाळाला नेमून दिला. अभिजात ग्रीकमध्ये कर्मावर झालेला परिणाम दाखवणारी परफेक्ट रूपे वाढली. प्येर शांत्रेन यांनी 1927 च्या ग्रंथात हा प्रवास तपशिलाने मांडला. रोमन काळात परफेक्ट आणि ॲओरिस्ट यांची सरमिसळ होत गेली आणि जुने परफेक्ट मागे पडले. आजची ग्रीक त्या अर्थासाठी ‘एखो’, म्हणजे ‘माझ्याकडे आहे’, या क्रियापदाचा आधार घेते.