आजार पोटाचा, सोनोग्राफी डोळ्याची

"आजार पोटाचा, मग सोनोग्राफी डोळ्याची कशाला?" पनवेलला आयसीयूत सिस्टर म्हणून काम करताना मला हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. कर्नाळ्याकडच्या गावातून आलेल्या एका विशीतल्या मुलाच्या आईनेही तोच विचारला.

पावसाळ्यात मुलाला कावीळ झाली होती, हेपॅटायटिस ए. ती बहुतेकांची विश्रांतीने बरी होते, म्हणून घरी कोणी घाबरलं नव्हतं. पण आई सांगू लागली, "बाय, हा दिवसभर झोपतो नि रात्री टक्क जागा. काल घरात बसून विचारतो, एसटी कधी यायची?" हात पुढे धरायला सांगितलं, तर पंजे फडफडत होते. रक्त गोठण्याची चाचणी, आयएनआर, तीनच्या वर. धडधाकट माणसाचं रक्त नीट गोठेनासं झालं आणि भानही सुटू लागलं, म्हणजे यकृत अचानक निकामी होत चाललंय.

अशा वेळी रक्तात अमोनिया साठतो. मेंदूतल्या पेशी त्याचं ग्लुटामिन करतात, ते पाणी ओढतं आणि मेंदू सुजतो. कवटीला भोक पाडून आतला दाब मोजता येतो, पण रक्तस्रावाच्या भीतीने तिथे हात आखडतो. त्यात मुलगा व्हेंटिलेटरवर गेला. गुंगीचं औषध चालू झाल्यावर हाक मारून शुद्ध तपासायची सोयही संपली.

राहिला डोळा. मिटलेल्या पापणीवर भरपूर जेल लावून डॉक्टर प्रोब अलगद टेकवत. डोळ्याच्या नसेभोवती मेंदूचंच आवरण असतं; कवटीतला दाब वाढला की तेही फुगतं. नेत्रगोलाच्या मागे 3 मिलिमीटरवर त्याची रुंदी मोजतात. या मुलाची 5.9 मिलिमीटर भरली, एरवी ती पाचच्या आसपास असते. कानशिलावर डॉपलर लावून मेंदूतला रक्तप्रवाहही पाहत. एकट्या आकड्यावर कोणी विसंबत नव्हतं. आधीपेक्षा वाढला की उतरला, ते महत्त्वाचं. मधल्या तासांची राखण आम्हा सिस्टरांची: टॉर्चने बाहुल्या बघायच्या, डोकं 30 अंश वर, मान सरळ, सक्शन झटपट, कारण खोकल्याने दाब चढतो. अमोनियाचं रक्त बर्फात ठेवून लॅबला पळवायचं. 3 टक्के सलाइन देऊन सोडियम 145 ते 150 राखायचं. एकीकडे मुंबईत प्रत्यारोपणाची बोलणी चालू होती. यकृताचा भाग द्यायला थोरल्या भावाच्या तपासण्याही झाल्या होत्या.

ती वेळ आली नाही. आयएनआर खाली आला, अमोनिया उतरला, आवरणाची रुंदीही कमी झाली.

डिस्चार्जला मात्र आई अडून बसली. "डोळे तर अजून पिवळेच आहेत!" मी म्हटलं, "आई, पिवळेपणा सगळ्यात शेवटी जातो. घरात आणखी कुणाला कावीळ झाली, तर नुसता रंग बघत बसू नका. झोप उलटी झाली, बोलणं भरकटलं, तर झोपेची गोळी न देता तडक घेऊन या."