मुंबईत गाणे ऐकावे कोठे?

आमच्या लष्करातील मराठी घरांतून मुंबईस जाण्याचे योग तीनच प्रकारचे. कोणाचे लग्नकार्य, मुलाच्या नोकरीचे निमित्त, नाही तर मोठ्या डॉक्टरांची भेट. यांवाचून पंजाब मेलचे तिकीट सहसा काढले जात नाही. पण प्रयोजन कोणतेही असो, चारपाच दिवसांच्या मुक्कामात एखादी संध्याकाळ मोकळी सापडतेच. आणि ज्याला गाण्याचे वेड आहे त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की आज गाणे ऐकावे कोठे?

ग्वाल्हेरात हा प्रश्न पडत नाही, कारण निवडीला वावच नसतो. डिसेंबरात हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीशी समारोह भरतो, विनामूल्य असतो, आणि सारे गाव शाली पांघरून तेथे लोटते. (समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा सुरेल होतो म्हणतात. आम्ही लहानपणी तो पुष्कळ खाल्ला. प्रार्थनेच्या वेळी आमचे विद्यार्थी अजूनही हसू दाबतात.) मुंबईत मात्र हिवाळ्यातील एखाद्या शनिवारी एकाच वेळी चारपाच ठिकाणी मैफली असतात. घरातील तरुण मंडळी मोबाइलवर यादी उघडतात, सर्वांत प्रसिद्ध नाव हुडकतात आणि तिकिटे काढून मोकळी होतात. आमचे मत निराळे आहे. गाणाऱ्याचे नाव शेवटी पाहावे. आधी पाहावी ती जागा.

जागेने गाणे बदलते, हे दिसायला साधे विधान आहे. पण प्रत्यय आल्यावाचून पटत नाही. किंग्ज सर्कल स्टेशनाहून पायी जाता येते ते षण्मुखानंद सभागृह घ्या. दाक्षिणात्य रसिकांनी कष्टाने उभारलेली ही वास्तू १९६३ साली खुली झाली, १९९० साली आगीत होरपळली आणि पुन्हा उभी राहिली. सुमारे पावणेतीन हजार माणसे तेथे बसतात. त्या गर्दीचा, त्या टाळ्यांचा आनंद वेगळाच, आणि अगोदर माटुंग्याच्या उडप्याकडे इडली-सांबार झाले असेल तर तो द्विगुणित होतो. परंतु वरच्या गॅलरीतून गवई अंगठ्याएवढा दिसतो. तेथे आपण ऐकतो तो कर्ण्यातून आलेला आवाज, कंठ नव्हे. वाद्यवृंद, नाट्यपदे, अभंग अशा कार्यक्रमांना ही जागा शोभते. ख्यालासाठी आम्ही ती निवडणार नाही.

मोठ्या जागांत एक सन्माननीय अपवाद आहे. नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचे टाटा थिएटर १९८० साली सुरू झाले. फिलिप जॉन्सन हे त्याचे वास्तुविशारद आणि सिरिल हॅरिस हे ध्वनिशास्त्रज्ञ. आपल्या संगीतातील जवळीक हजारभर श्रोत्यांतही टिकावी, ही दृष्टी ठेवून त्याची रचना झाली. पंख्याप्रमाणे पसरलेल्या त्या आसनांवर कोठेही बसले तरी गवई परका वाटत नाही. गिरगावच्या टोकाचे ऑपेरा हाउस १९९३ साली बंद पडले होते, ते २०१६ मध्ये पुन्हा उघडले. तेथील सोनेरी नक्षी आणि छतावरची चित्रे पाहण्यासाठीच एखादे तिकीट काढावे. गाणे चांगले निघाले तर तो लाभ समजावा.

खरी मुंबई मात्र लहान जागांत आहे. गिरगावात लक्ष्मीबागेत, ट्रिनिटी क्लबात बैठकी होत. देवधरमास्तरांच्या संगीतविद्यालयात बालवयातील कुमार गंधर्व शिकायला आले ते याच परिसरात. बैठकीचा तो संस्कार पुढे लोकल गाडीबरोबर उत्तरेकडे सरकला. दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, उपनगरांतील लहानमोठी संगीत मंडळे ही त्याची आजची ठिकाणे. जुहूचे पृथ्वी थिएटर वस्तुतः नाटकांचे. १९७८ साली शशी आणि जेनिफर कपूर यांनी ते उभारले. प्रेक्षक तिन्ही बाजूंनी रंगमंचाला भिडून बसतात आणि आसने जेमतेम दोनशे. जेनिफर यांच्या स्मृत्यर्थ २८ फेब्रुवारीला तेथे झाकिर हुसेन वर्षानुवर्षे वाजवीत आले. जगातील मोठमोठी सभागृहे ज्यांच्यासाठी भरत त्यांनी या दोनशे आसनांचा नेम चुकवू नये, यात काही अर्थ असलाच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले. त्या दोनशेंत एकदा आपली वर्णी लागावी ही आमची इच्छा राहूनच गेली.

आमच्या पुतणीची मुलगी चौदा वर्षांची आहे. पाच वर्षे गाणे शिकते. गेल्या हिवाळ्यात ती आमच्याबरोबर मुंबईस होती. पहिल्या संध्याकाळी यजमानांनी आग्रहाने एका भव्य सभागृहात नेले. गायक नामांकित, तिकीट महाग. आणि ध्वनिव्यवस्था अशी, की तबल्याचा प्रत्येक ठोका छातीवर आदळे. तंबोरे रंगमंचावर दिसत होते, ऐकू येत नव्हते. मध्यंतरात मुलगी म्हणाली, “आजोबा, हे तर घरी मोबाइलवर ऐकतो तसंच आहे, फक्त मोठ्यानं.” तिसऱ्या दिवशी दादरच्या एका मंडळात गेलो. साठपासष्ट माणसे, बहुतेक पिकल्या केसांची, सतरंजीवर बसलेली. गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्यांसाठी मागे खुर्च्यांची एक रांग. गायिकेचे नाव आम्हीही ऐकले नव्हते. तिने पूरियाधनाश्रीचा षड्ज लावण्यापूर्वी पाचसात मिनिटे दोन तंबोरे नुसते जुळत होते, आणि मुलगी मान पुढे करून त्या जुळण्याकडेच कान देऊन बसली होती. तिला आजवर तंबोरा ठाऊक होता तो पेटीतला, विजेवर चालणारा. परतताना लोकलमध्ये तिने एकच गोष्ट विचारली: “आपल्याकडे खरा तंबोरा कोणाकडे आहे?”

आम्हांस त्या प्रश्नाचे उत्तर चटकन देता आले नाही. ज्या गावात वासुदेवबुवा जोशांपाशी राहून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ही गायकी मिळवली आणि महाराष्ट्रात नेली, बुवांच्या शिष्याने, विष्णु दिगंबरांनी, तिच्यासाठी १९०१ साली लाहोरास आणि १९०८ साली मुंबईस विद्यालय काढले, त्या गावातील मुलीला खरा तंबोरा ऐकण्यासाठी हजारावर किलोमीटर जावे लागावे! बरे, जेथे तो ऐकू आला ती मंडळेही सभासदांच्या वर्गणीवर चालतात आणि सभासदांची वये वाढत आहेत. त्या साठपासष्टांत विशीच्या आतली ती एकटीच होती. मोठ्या सभागृहाला आपल्या तिकिटावाचून काही अडत नाही. सतरंजीवर मात्र एक माणूस वाढला तरी गाणाऱ्याला ते दिसते.

आता वेळेचा विचार. गणेशोत्सवात गिरगावच्या मांडवांत रात्र रात्र गाणे चाले आणि भैरवीला दूधवाले फेरीवर निघालेले असत, असे आमचे वडील सांगत. ते दिवस सरले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे वाजवण्यास बंदी झाली. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रभराच्या सत्रांनाही त्यामुळे आळा बसला. निद्रानाश झालेल्या शेजाऱ्याची बाजू आम्हांस मान्य आहे. तरी परिणाम असा, की सारे गाणे संध्याकाळी सहा ते दहा एवढ्यात कोंबले जाते. यमन, मारवा, पूरिया, बागेश्री यांची चंगळ. मध्यरात्रीच्या दरबारीला आणि पहाटेच्या ललताला जागा नाही. म्हणून यादीत कोठे प्रातःकालीन मैफल दिसली, तर तिला आम्ही निम्मे अधिक गुण देतो. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिराच्या संकुलात अशा सकाळच्या मैफली झालेल्या आहेत. साडेसहाला तोडी ऐकून नऊला चहा घेताना जे वाटते ते संध्याकाळी येत नाही. शिवाय रविवारी सकाळी लोकलही माणुसकीने वागते. एकाच बैठकीत चार कलावंत असतील तर तिकडे फिरकू नये. पाऊण तासात ख्याल उलगडत नाही; घड्याळ मात्र उलगडते.

लहान मंडळांचे कार्यक्रम मोबाइलच्या यादीत बहुधा सापडत नाहीत. वर्तमानपत्रातील बारीक टायपातील ‘आजचे कार्यक्रम’ वाचावे, किंवा मुक्कामापूर्वी मंडळाच्या चिटणिसांस फोन करावा. बाहेरगावचा श्रोता येतो म्हटल्यावर त्यांना होणारा आनंद आम्ही अनुभवला आहे.

आणि मुंबई गाठण्यापूर्वीच एक ठिकाण लागते, ते आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. पंजाब मेल कल्याणला थांबते. तेथील कल्याण गायन समाज १९२६ पासूनचा आहे, आणि भास्करबुवा बखल्यांच्या नावाने तेथे देवगंधर्व महोत्सव भरतो. बखलेबुवा बडोद्यास फैज महंमद खाँसाहेबांपाशी शिकले ती गायकी आपल्याच ग्वाल्हेरची. महोत्सव डिसेंबरातला असतो. लग्नाच्या तारखेशी त्याचा मेळ बसत असेल, तर तिकीट कल्याणपर्यंतचेच काढावे.