आसाला वंगण

मादन हिप्परग्याच्या माणसाने पाण्यावर उतरणाऱ्या विमानाविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्या आळंद तालुक्यात मोठे पाणी म्हणजे अमरजेचे धरण. समुद्र पाहायचा तर मुंबई गाठावी लागते. तसा मी ९ डिसेंबर २०१७ रोजी गिरगाव चौपाटीवर उभा होतो. स्पाइसजेटने त्या दिवशी तेथे कोडिअ‍ॅक जातीच्या विमानाची चाचणी ठेवली होती. विमान पाण्याला टेकले, पांढरा फेस उसळला, गर्दीने टाळ्या वाजवल्या. शेजारचा माझा भाचा मात्र त्याआधीपासून विमानाच्या पोटाखाली निरखून पाहत होता. "चाके वर आहेत," तो पुटपुटला आणि मगच हसला.

विमानदुरुस्तीचे शिक्षण घेतलेला हा मुलगा काही काळ अशाच विमानांवर काम करीत होता. त्याने मला समजावले. या विमानाच्या खाली होडीसारखे दोन पोकळ फ्लोट असतात आणि प्रत्येकात पुढे-मागे चाके दडवलेली असतात. धावपट्टीवर उतरताना ती खाली हवीत, पाण्यावर उतरताना वर. जमिनीवर चाके वर राहिली तर फ्लोटचा तळ घासतो. पाण्यावर खाली राहिली तर ती पाण्यात अडून विमान क्षणात उलटते. म्हणून वैमानिकापुढे दिवे असतात : पाण्यासाठी निळा, जमिनीसाठी हिरवा. तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बंद पडली तर हाताने चालवायचा पंपही असतो.

"पण मामा, खरे काम उतरल्यावर सुरू होते," तो म्हणाला. फ्लोट अ‍ॅल्युमिनियमचे, चाकांच्या यंत्रणेत पोलाद. दोन धातूंमध्ये खारे पाणी शिरले की गंज झपाट्याने धरतो. म्हणून समुद्रातून आलेले विमान गोड्या पाण्याने धुवायचे, चाकांच्या खोबणीतले मीठ काढायचे. सांध्यांत नवे ग्रीस इतके भरायचे, की आत शिरलेले पाणी आणि जुने ग्रीस बाहेर पडावे. फ्लोटच्या प्रत्येक कप्प्यातले पाणी उपसायचे आणि कोणत्या कप्प्यात ते नेहमीपेक्षा जास्त निघाले, हे ध्यानात ठेवायचे. ठरावीक मुदतीने विमान जॅकवर उचलून चाके वर-खाली करून पाहायची. अंदमानासाठी २०१० च्या अखेरीस 'जलहंस' आले, २०१४ साली जुहूहून लोणावळ्याकडे, तर २०२० साली साबरमतीहून केवडियाला अशी सेवा सुरू झाली. एकही टिकली नाही. उद्घाटनाची छायाचित्रे तेवढी राहिली. त्यांत विमान धुणारा कोणी दिसत नाही.

ऐकता ऐकता मला वडिलांची बैलगाडी आठवली. गाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असे. बाजाराहून परतल्यावर चाक काढून आसाला एरंडेल लावल्याखेरीज वडील हातपाय धूत नसत. एका पावसाळ्यात ते काम माझ्याकडे होते. चिखल पाहून मी कंटाळा केला आणि लावले म्हणून सांगितले. पुढच्या बाजाराहून येताना आस करकरू लागला, चाक जड झाले. घरी पोचेपर्यंत डाव्या बैलाच्या खांद्याचे कातडे सोलवटले होते. वडील मला काही बोलले नाहीत. त्यांनी बैलाला हळद-तेल लावले आणि त्या दिवसापासून आसाला वंगण स्वतःच घालू लागले. ते काम पुन्हा माझ्याकडे कधीच आले नाही.

आपली घरेही उभयचरच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला मुलूख म्हैसूर राज्यात आला. बाजारात कन्नड, घरात मराठी; कुठे कोणते चाक खाली सोडायचे हे आपल्याला उपजत कळते. पण दोन ठिकाणी वावरणाऱ्याची निगाही दुप्पट, हे मी विसरलो होतो. माझा नातू मराठी बोलतो, वाचत नव्हता. आता रोज संध्याकाळी एक पान मोठ्याने वाचून घेतो. तो कंटाळतो, मी सोडत नाही.

परवा 'वंगण' या शब्दाशी तो अडखळला आणि अर्थ विचारू लागला. गाडी केव्हाच मोडीत गेली. माळ्यावरची नळी काढून त्याच्या हाती दिली. त्याने ती नाकाशी नेली. एरंडेलाचा वास अजून होता.