हातउसने

आमच्या ऑफिसात सध्या ‘नो-बाय मंथ’ची साथ आली आहे. पलीकडच्या क्युबिकलमधली मुलगी रोज इन्स्टाग्रामवर टाकते, आज बाहेरची कॉफी नाही, आज कॅबऐवजी मेट्रो. मी मनात म्हणते, अगं बाई, आमच्याकडे याला उपासकाळ म्हणतात! राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस. फक्त तो कुणाला दाखवायचा नसतो. (मी इथे लिहून दाखवतेच आहे म्हणा.)

यंदा उपासकाळात मी ठरवलं होतं, ॲपवरून जेवण मागवायचं नाही, ऑनलाइन खरेदी नाही आणि रात्री फोनऐवजी पुस्तक. सध्या उशाशी तीन गोष्टी आहेत. बायबल, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आणि आईची जुनी हिशेबाची वही. ऐकायला फार सात्त्विक वाटतं ना? पण खरं सांगते, हे वाचन भक्तीतून सुरू झालं नाही. भांडणातून झालं.

झालं असं, की माझ्या नवऱ्याने त्याच्या चुलतभावाला ६०,००० रुपये पाठवले. भावाच्या मुलाचं ऑपरेशन होतं, कारण अगदी खरं होतं. पण ते पैसे आम्ही लेकीच्या शाळेच्या फीसाठी बाजूला काढले होते आणि मला ते कळलं बँकेच्या एसेमेसवरून, मीटिंगमध्ये बसलेली असताना. रात्री विचारलं तर म्हणाला, ‘‘तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस का?’’

‘‘नसते म्हणाले.’’

‘‘मग?’’

तो ‘मग?’ माझ्या जो डोक्यात गेला! पुढचे चार दिवस आमच्या घरात ‘डबा भरलाय’ आणि ‘चावी कुठेय’ एवढंच संभाषण.

पाचव्या दिवशी ‘स्मृतिचित्रे’ काढलं. शाळेत त्यातला उतारा अभ्यासाला होता, तेव्हा नुसतं हसायला आलं होतं. आता दोन पगार, एक होमलोन आणि एक मूल पदरात असताना तेच पुस्तक वाचून बघा. नारायण वामन टिळक म्हणजे मोठे कवी, मोठ्या मनाचे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. पुन्हा संसार मांडला तो नगरला, तोही कसा, तर घरात पाहुणे, आश्रित, सांभाळायला घेतलेली मुलं. हातात पैसा आला की तो जायला टपलेलाच. १९१७ मध्ये तर टिळकांनी मिशनची पगाराची नोकरीच सोडली, देवाचं काम पगार घेऊन करायचं नाही म्हणून. मी ईएमआय भरणारी बाई. वाचूनच पोटात गोळा आला.

आणि लक्ष्मीबाई? त्या घरात चूल पेटती ठेवत होत्या. लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकलेली ही बाई हे सगळं असं लिहून गेली, की नवऱ्यावरचा राग आणि जीव, दोन्ही एकाच वाक्यात सापडतात. उदार माणसाच्या बायकोला विनोदबुद्धी नसेल तर तिचं काही खरं नाही, असं माझं मत झालं आहे.

मग बायबल. मार्कच्या शुभवर्तमानात ती विधवा आहे ना, मंदिराच्या पेटीत दोन नाणी टाकणारी, होती नव्हती ती सगळी? लहानपणापासून तिच्यावर दर वर्षी एक तरी उपदेश ऐकलाय. या वेळी पहिल्यांदा वाटलं, त्या रात्री ती जेवली काय? असं विचारणं बरोबर की नाही, माहीत नाही. आमच्या पाळकसाहेबांना अजून विचारलेलं नाही. उलट नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली सद्गुणी स्त्री मला आता एकदम ओळखीची वाटायला लागली आहे. पहाटे उठते, शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या मिळकतीतून द्राक्षमळा लावते, कापड विणून विकते, रात्री तिचा दिवा विझत नाही. सरळ यूएस शिफ्ट! नवरा गावच्या वेशीवर वडीलधाऱ्यांत बसलेला. पण मुद्द्याची गोष्ट अशी, की गरिबाला द्यायला हात पुढे होतो तो तिचाच. कमावणारा, राखणारा आणि देणारा हात एकच.

तिसरं पुस्तक आईची वही. १९९४ ची. पप्पा नगरला शाळेत शिक्षक. दर महिन्याच्या पानावर पहिली ओळ ‘देवाचे’, पगाराचा दहावा हिस्सा. त्याखाली दळण, रॉकेल, रेशनची साखर, पोस्टाचं आरडी. डिसेंबरात ‘नाताळ फराळ, डालडा’. आणि ऑगस्टच्या पानावर, ‘हातउसने ४०० (येणार नाहीत)’. मी एकटीच मोठ्याने हसले. नवऱ्याने दुसऱ्या खोलीतून डोकावून पाहिलं, पण आमचा अबोला चालू होता.

आईला फोन लावला. ‘‘खरंच परत नाही आले का गं ते चारशे?’’

‘‘नाही. पण ते त्यांनी मला विचारून दिले होते, म्हणून वहीत लिहिले.’’

‘‘आणि न विचारता दिलेले?’’

‘‘ते कशाला लिहू? ते तुझ्या पप्पांनाच ठाऊक.’’

फोन ठेवला आणि वही परत पहिल्यापासून पाहिली. जमेच्या बाजूला ‘शिवण’ अशी एक ओळ आहे. एरवी महिन्याला ब्लाउज दोन, नाही तर तीन. पण काही महिन्यांत एकदम अकरा, चौदा. एका मार्चमध्ये सतरा! त्या महिन्यांत ना आजारपण, ना पाहुणे, खर्चाच्या बाजूला काहीही वेगळं नाही. म्हणजे पप्पांनी न विचारता दिलेले पैसे आईने लिहिले नव्हते, पण ते वहीत होते. ब्लाउजच्या हिशेबात होते. पप्पांच्या दानशूरपणाबद्दल आमच्या मंडळीत अजून कौतुकाने बोलतात. त्या मशीनबद्दल कुणी बोलत नाही. मीही त्या रात्रीपर्यंत कधी बोलले नव्हते.

मी ती पानं नवऱ्यापुढे ठेवली. समजावून सांगायची गरज पडली नाही. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, ‘‘सतरा?’’

फीचं मी शाळेत बोलून तीन हप्त्यांत करून घेतलं. लाज वाटली, पण झालं. काटकसर म्हणून पोळ्यांच्या मावशींना बंद करावं असंही डोक्यात आलं होतं. मग वाटलं, हे काय, आमचं दान त्यांच्या पगारातून? त्याऐवजी गाडी सोमवार ते शुक्रवार खाली उभी असते आणि आम्ही दोघं बसने जातो. उभं राहून. पुतण्या आता बरा आहे, घरभर पळतोय म्हणे.

गेल्या रविवारी चर्चहून आल्यावर मी पोहे करत होते. नवरा स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला.

‘‘वॉचमनकाकांच्या मुलीची परीक्षेची फी भरायचीय. विचारायचं होतं.’’

‘‘किती?’’

‘‘दोन हजार.’’

‘‘परत येणार आहेत?’’

‘‘नाही वाटत.’’

मी गॅस बारीक केला आणि त्याला म्हटलं, फ्रिजवरची वही दे.