पाण्याची राखण

आप्पांची व्हेंटिलेटरची नळी निघाली आणि राहुरीहून आलेल्या पाहुण्यांनी आयसीयूच्या दारातच पेढ्यांची भाषा सुरू केली. न्यूमोनियाने आप्पा आठवड्याहून जास्त काळ त्या मशीनवर होते. नळी निघाली म्हणजे माणूस सुटला, असा सगळ्यांचा समज. माझ्या वाट्याला मात्र तिथून पुढे एक विचित्र काम आलं, ते म्हणजे आप्पांना कुणी पाणी पाजत नाही ना, यावर नजर ठेवणं.

आपल्याकडे आजाऱ्याला पाणी नाकारणं म्हणजे पाप. आप्पा घोगऱ्या आवाजात "पानी दे" म्हणायचे आणि मी, त्यांची सख्खी लेक, ओल्या कापसाने नुसते ओठ पुसायची. "आगं, दोन घोट पान्यानं काय व्हतंय?" असं आत्या रोज विचारायची. एक काका शहाळं घेऊन आले. कुणी शिर्डीची उदी आणली, पाण्यात कालवून द्यायला. ती मी कपाळाला लावली, तेव्हा कुठे वाद मिटला.

पाणी का द्यायचं नाही, हे मला समजावलं होतं ते वॉर्डात येणाऱ्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी. "आप्पा बोलताहेत की, मग बोलायला शिकवणाऱ्या बाई कशाला?" हा आमच्या घरचा पहिला प्रश्न. गिळणं बघणं हेही त्यांचंच काम असतं, हे मलाही तिथेच कळलं. तोंडातून घातलेली नळी स्वरतंतूंच्या मधून श्वासनळीत जाते. घास गिळताना हेच स्वरतंतू मिटतात आणि श्वासाची वाट बंद होते. तिथे नळी दिवसेंदिवस राहिली की जागा सुजते, बधिर होते, घशाचे स्नायू अशक्त पडतात आणि वाट मिटायला उशीर होतो. पाणी पातळ, त्यामुळे तेच सगळ्यात आधी निसटून फुप्फुसाकडे जातं. घट्ट खीर सावकाश उतरते. आपण ज्याला हलकं म्हणतो, तेच अशा घशाला सगळ्यात जड.

"ठसका लागला तर थांबू की," काका म्हणाले. पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून आप्पांना रंग मिसळलेलं पाणी चमच्याने दिलं, तेव्हा पडद्यावर तो रंग श्वासनळीत उतरताना दिसला. आप्पा शांत. ना ठसका, ना खोकला. बधिर झालेला घसा तक्रारच करत नाही. आवाज तेवढा ओलसर, खळखळता झाला. त्या आवाजावर लक्ष ठेवा, असं बाईंनी बजावलं.

पुढे वाचताना कळलं की हे काही आप्पांचं एकट्याचं नशीब नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या रुग्णालयाची २०१७ साली छापून आलेली पाहणी सांगते की नळी काढलेल्या रुग्णांपैकी साधारण १२ टक्क्यांना गिळण्याचा त्रास आढळला. त्याहून चटका लावणारी गोष्ट १९५२ची आहे. कोपनहेगनला पोलिओची साथ आली. रुग्णांना थुंकीही गिळता येईना, ती फुप्फुसात जाऊ लागली. तेव्हा गळ्याला छेद देऊन श्वासनळीत नळी बसवली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने फुगा दाबत लोकांना जगवलं. आजचे आयसीयू त्या साथीतून उभे राहिले. ज्यांना गिळता येत नव्हतं त्यांना त्या नळीने वाचवलं, आणि आता तशीच नळी तोंडातून फार दिवस राहिली की गिळणं बिघडवते.

आप्पांचं जेवण नाकातल्या नळीतून चालू होतं. जोडीला बाईंचे धडे. पाठ सरळ ठेवून बसायचं, हनुवटी छातीकडे घ्यायची, चमचाभरच घ्यायचं, एकदा गिळून झालं की पुन्हा कोरडं गिळायचं, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दात-जीभ रोज स्वच्छ, कारण नकळत आत जाणाऱ्या थुंकीबरोबर तोंडातले जंतूही जातात. घोटलेलं दही, गाळलेलं घट्ट वरण, नाचणीची दाट पेज अशा पायऱ्या चढत आम्ही पुढे गेलो. पुन्हा कॅमेऱ्याने बघितल्यावर नाकातली नळी निघाली.

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर गोळ्यांची लांबलचक यादी होती, गिळण्याबद्दल एक ओळ नव्हती. त्याचा मला अजून राग आहे. फुप्फुसाचा फोटो सगळे बघतात, घशाबद्दल कुणी विचारत नाही. बाईंनी सांगितलेलं मीच मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात चिकटवलं.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते दूध-भाकरीवरून. आमच्याकडे आजारी माणसाला बाजरीची भाकरी दुधात कुस्करून देतात, तेच पथ्याचं, अशी समजूत. पण त्यात घट्ट आणि पातळ अशा दोन जाती एकत्र असतात. तोंड भाकरीचे कण चावत असतं, तोवर दूध पुढे पळतं. बाईंनी ती शेवटी ठेवायला सांगितली होती. आप्पा आता भात-आमटी खातात, पाणी लहान घोटांनी पितात, गोळ्या दह्यातून घेतात. दूध-भाकरीची परवानगी अजून मिळालेली नाही, आणि आप्पांच्या मते ती बाईंनी नव्हे, मीच अडवून ठेवलीय.